आयी म्हणजे मावशी

"आयीऽ!"

हाक पाठीमागून आली आणि हातातला ट्रे तसाच धरून मी गर्रकन वळले. माझी दोन्ही मुलं त्या वेळी पुण्यात होती, हे ठाऊक असूनही वळले. हाक मारणारा अठरा-एकोणीस वर्षांचा चिनी मुलगा काचेपलीकडच्या वाढणाऱ्या बाईंकडे बघत होता. त्याला टोमॅटो-अंड्याची भाजी आणखी थोडी हवी होती.

"ताई, तुला नाही गं मारली हाक," मामेबहीण म्हणाली. "इकडे आयी म्हणजे मावशी. कॅन्टीनमधली, वसतिगृहातली, जिने पुसणारी, सगळ्या आयीच."

बाईंनी त्या मुलाच्या ताटलीत पळीभर भाजी वाढली, वर भात नको का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भातही घातला. आयी या शब्दाचा चिनीतला मूळ अर्थ खरोखरच आईची बहीण असा आहे. मी तिथे सात आठवडे राहिले. त्या सात आठवड्यांत इंग्रजीतून चालणाऱ्या त्या विद्यापीठाविषयी मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं या एका हाकेपाशी येऊन थांबतं.

साल 2024, महिना सप्टेंबर. गाव सुझोऊ. शांघायच्या पश्चिमेला, वेगवान गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. 2020 पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं तेव्हा अजून सुरू झालेली नव्हती, म्हणून मी मुंबईहून हाँगकाँग, हाँगकाँगहून शांघाय अशी गेले. सुझोऊ हे अडीच हजार वर्षांचं शहर. इसवी सनापूर्वी 514 मध्ये वू राज्याच्या राजाने ते वसवलं असं चिनी इतिहास सांगतो. कालवे, रेशीम, बागा आणि मऊ बोली यांसाठी ते गाजलेलं. त्याच शहराच्या पूर्वेला शेतं आणि तळी होती, तिथे 1994 मध्ये चीन आणि सिंगापूर या दोन सरकारांनी मिळून औद्योगिक नगर उभारायला घेतलं. या नगरातल्या दुशू तळ्याच्या काठी आज विद्यापीठांचीच एक वसाहत आहे. तिथलं शिआन जिआओतोंग-लिव्हरपूल विद्यापीठ हा माझ्या लेखाचा विषय. एवढं लांब नाव तिथे कोणी घेत नाही. विद्यार्थी 'शीपू' म्हणतात आणि स्वतःला शीपूची माणसं.

या विद्यापीठाला दोन घरांचा वारसा आहे. एक घर शिआन जिआओतोंग विद्यापीठाचं. ते 1896 मध्ये शांघायला सुरू झालं आणि 1956 मध्ये सरकारी निर्णयाने देशाच्या आतल्या भागात, शिआनला हलवलं गेलं. दुसरं घर लिव्हरपूल विद्यापीठाचं, 1881 मधलं. इंग्लंडमधल्या औद्योगिक शहरांतल्या विद्यापीठांना लाल विटांची विद्यापीठं म्हणतात, तो शब्द लिव्हरपूलच्याच एका प्राध्यापकाने तिथल्या व्हिक्टोरिया इमारतीकडे बघून रूढ केला. या दोघांनी 2006 मध्ये सुझोऊत तिसरं घर मांडलं. इथून पदवी घेणाऱ्या मुलांना प्रमाणपत्रं दोन मिळतात, एक या विद्यापीठाचं आणि एक लिव्हरपूलचं. काही जण दोन वर्षं इथे आणि दोन वर्षं लिव्हरपूलला काढतात.

असे संसार चीनमध्ये आता बरेच झाले आहेत. सर्वांत आधी निंगबोत नॉटिंगहॅम विद्यापीठ आलं, 2004 मध्ये. त्याच्या आवारात इंग्लंडमधल्या ट्रेंट इमारतीसारखाच घड्याळाचा मनोरा आहे. मग शांघायला न्यूयॉर्क विद्यापीठ, सुझोऊशेजारच्या कुन्शानला ड्यूक, वेन्झोऊला कीन, शान्टौला इस्रायलची टेक्निऑन. चीनच्या 2003 मधल्या नियमावलीने या सगळ्यांना दार उघडून दिलं आणि उंबरठाही घालून दिला. परक्या विद्यापीठाला एकट्याने येता येत नाही, सोबत चिनी संस्था लागते. संचालक मंडळात निम्मे तरी सदस्य चिनी, प्रमुख चिनी नागरिक. चीनची राज्यघटना, कायदे आणि देशाची ओळख हे विषय शिकवणं बंधनकारक. शीपूतल्या चिनी मुलाच्या वेळापत्रकात इंग्रजीतलं गणित असतं आणि चिनीतला राज्यशास्त्राचा तासही असतो. पहिल्या वर्षाची सुरुवात लष्करी कवायतीने होते.

परक्यांनी चीनमध्ये विद्यापीठ काढण्याची ही पहिली वेळ नाही. याच सुझोऊत अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्यांनी 1900 मध्ये एक विद्यापीठ काढलं होतं. त्याची कायद्याची शाखा शांघायला होती आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोकियो खटल्यात चीनची बाजू मांडणाऱ्यांत तिथे शिकलेले लोक होते. 1952 मध्ये देशभरातल्या मिशनरी विद्यापीठांची मोडतोड करून सरकारने नवी घडी बसवली, त्यात तेही गेलं. जुनं आवार अजून उभं आहे. आज तिथे सरकारी विद्यापीठ आहे. एका रविवारी मी तिथल्या झाडांखाली तासभर बसून आले. मिशनऱ्यांनी बांधलेल्या वर्गांसमोर नवरा-नवरी लग्नाचे फोटो काढून घेत होते.

शीपूची मधली इमारत मात्र बघताक्षणी नवी वाटते. मोठा चौकोनी ठोकळा, आणि त्याला आरपार पडलेली वेडीवाकडी भोकं. एडास या वास्तुरचनाकार संस्थेने ती ताईहू तळ्यातल्या दगडांवरून बेतली. पाण्याने शतकानुशतकं कोरून पोखरलेले हे दगड चिनी विद्वानांच्या बागांत मानाने उभे केलेले असतात. दगड किती बारीक, किती सुरकुतलेला, किती गळका आणि किती आरपार, या चार गुणांवर त्याची पारख होते. सुझोऊच्या जुन्या भागात सिंहवन नावाची चौदाव्या शतकातली बाग अशा दगडांनी भरली आहे. लूव्रचा काचेचा पिरॅमिड रचणारे आय. एम. पेई यांच्या घराण्याची ती बाग, लहानपणी ते तिथे खेळलेले. विद्यापीठाच्या या दगडाच्या पोटात ग्रंथालय आहे, कचेऱ्या आहेत, मुलांना बसायला जागा आहेत. वारा भोकांतून वाहतो आणि सप्टेंबरच्या उकाड्यात तिथे उभं राहिलं की सुख वाटतं.

पण मुलांना इमारतींची नावं नकोच असतात. त्यांना अक्षरं पुरतात. "नऊला एसएमध्ये, अकराला एमबीत, मग सीबी." आवाराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग, मधून शहराचा रस्ता आणि त्याच्याखालून भुयारी वाट. तासांच्या मधल्या वेळात ती वाट नदीसारखी दोन्ही बाजूंनी वाहते.

माझी मामेबहीण तिथे नऊ वर्षांपासून शिकवते. मूळची सांगलीची. विद्यार्थी तिला 'लाओशी' म्हणतात, म्हणजे शिक्षक, पण त्यातला 'लाओ' वडीलधारेपणाचा. ब्रिटिश सहकाऱ्यांनी वर्गात सांगून पाहिलं, आम्हाला नावाने हाक मारा. मुलांची जीभ वळेना. ईमेल अजून 'डिअर टीचर' अशीच सुरू होतात. मुलं स्वतः मात्र इंग्रजी नाव घेतात. शाळेत कधीतरी कोणी ठेवलेलं किंवा आवडलं म्हणून निवडलेलं, आणि वर्गात त्याच नावाने वावरतात. बहिणीने नियमच केला आहे, पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं चिनी नाव चार वेळा म्हणून पाठ करायचं. "त्यांच्या आईबापांनी विचार करून ठेवलेलं असतं ताई. ते मला घेता यायला हवं," ती म्हणते.

पहिला धक्का बसतो तो गुणांचा. चीनची गाओकाओ ही प्रवेश परीक्षा जूनमध्ये होते. तिच्यासाठी ही मुलं बारा वर्षं रांगेत उभी असल्यासारखी जगलेली असतात. नव्वदच्या खाली गुण म्हणजे घरात अबोला. इथे गुण ब्रिटिश पद्धतीचे, चाळीसला पास आणि सत्तरच्या पुढे पहिला वर्ग. पहिला निबंध परत मिळतो त्या दिवशी बासष्ट बघून रडणारी मुलगी दरवर्षी असतेच. मी होते तेव्हाही होती. बहिणीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बासष्टचा अर्थ सांगितला. मला आमच्या आईवडिलांची पिढी आठवली. तेव्हा साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आणि त्यासाठी गल्लीत पेढे वाटायचे. आता दहावीला अठ्ठ्याण्णव मिळवलेलं मूलही आपल्याकडे तोंड पाडून बसतं. त्या मुलीला हे सांगावंसं वाटलं, पण माझं चिनी तेवढं नव्हतं.

रडण्यामागे पैसाही असतो. इथलं वर्षाचं शुल्क 2024 मध्ये 90,000 युआनच्या आसपास होतं, म्हणजे दहा लाख रुपयांहून जास्त. सरकारी विद्यापीठात पाच-सहा हजार युआनांत वर्ष निघतं. बहुतेक मुलं एकुलती एक. आईबापांनी घातलेला पैसा आणि आजी-आजोबांची आशा, दोन्हींचं ओझं एकाच पाठीवर. पुढे लंडन, सिंगापूर, हाँगकाँग इथे पदव्युत्तर शिक्षणाला जायचं, हे यातल्या बहुसंख्यांचं ठरलेलं असतं. त्यामुळे बासष्ट आणि अडुसष्ट यांत फरक पडतो.

शीपू चालवणाऱ्यांचं म्हणणं असं की, मूल म्हणून आलेला विद्यार्थी आधी तरुण प्रौढ व्हावा आणि मग जगाचा नागरिक. इतर चिनी विद्यापीठांत मुलांच्या तुकड्या असतात, तुकडीवर एक सल्लागार शिक्षक असतो आणि खोलीतला दिवा बंद करण्यापासून नोकरी शोधण्यापर्यंत सगळ्यावर त्याची नजर असते. इथे आपलं आपण बघायचं. वर्ग चुकवला तर घरी फोन जात नाही. हे स्वातंत्र्य मला मनापासून पटतं. अठराव्या वर्षी माणसाला चुकायला जागा मिळायला हवी. पण बारा वर्षं धरून ठेवलेला हात एका सप्टेंबरात सोडला तर मूल कुठे कुठे धडपडतं, हेही मी तिथे जवळून पाहिलं. आणि धडपडलेल्याला उचलणारे हात कुणाचे, तेही.

त्यातला पहिला हात 'श्युएजिए'चा. श्युए म्हणजे शिकणं, जिए म्हणजे ताई. एक-दोन वर्षं पुढे असलेली मुलगी ही श्युएजिए, मुलगा असेल तर श्युएजांग. ही मानलेली ताई नवीन मुलीला काय काय देते? भात शिजवायचं भांडं, जुनी सायकल, थंडीची रजई, टिपणं, कुठला विषय निवडू नये याचा सल्ला. लिव्हरपूलला गेलेल्या तायांचे निरोप रात्री उशिरा येतात, कारण तिकडे तेव्हा दुपार असते. घर कुठल्या भागात घ्यायचं, छत्री घेऊन येऊ नका, वाऱ्यात मोडते, रेनकोट आणा. विद्यापीठाचं सगळं कामकाज वीचॅट या फोनमधल्या ॲपवर चालतं, पण श्युएजिएंचे गट त्यात वेगळे. खरी बातमी आधी तिथे येते, कचेरीची सूचना नंतर.

परीक्षा जवळ आल्या की ग्रंथालयात जागा धरण्याची धांदल सुरू होते. पाण्याची बाटली, वही, चष्म्याचं घर ठेवून मुलं जातात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, अगदी तसं. दोन मैत्रिणींत आळीपाळी असते, एकीने पहाटे जाऊन दोघींची जागा धरायची.

सप्टेंबरच्या शेवटी मंडळांचा मेळावा भरला. चिनी विद्यापीठांत याला 'शंभर पलटणींची लढाई' म्हणायची पद्धत आहे. चिनीत पलटण आणि मंडळ दोन्हींना 'तुआन' म्हणतात, त्यावरून मुलांनी केलेला हा शब्दखेळ. तंबूंच्या रांगा, कर्णे, हातात कोंबली जाणारी पत्रकं. एकीकडे जुन्या घोळदार वेशातल्या मुली, एकीकडे यंत्रमानव घेऊन आलेले मुलगे, एका टेबलावर चहा ओतून दाखवणारं मंडळ, त्याच्या शेजारी वादविवादवाले, आवारातल्या मांजरांची काळजी घेणारेही होते. लाजून कडेने चालणाऱ्या नव्या मुलाला ताया-दादा दंडाला धरून आत ओढत होते.

मूळची ती लढाई 1940 मधली. उत्तर चीनमध्ये जपानी सैन्यावर चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेने केलेला तो मोठा हल्ला. त्याच वर्षी त्या आघाडीवर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. 1938 मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून गेलेले पाच डॉक्टर होते, त्यांतले ते एकटे परतले नाहीत. 1942 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. पत्नी चिनी, मुलाचं नाव 'यिन्हुआ', यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मी मेळाव्यात उभी राहून बहिणीला हे सांगत होते, तेव्हा चहाच्या टेबलावरच्या मुलाने नाव ऐकून विचारलं आणि मग स्वतःच म्हणाला, "खं दीहुआ." कोटणिसांचं चिनी नाव. ते त्याला आजोबांकडून माहीत झालं होतं. त्याने मला चहाचा दुसरा पेला दिला आणि पैसे घेतले नाहीत.

सगळंच असं गोड नाही. विद्यापीठ आंतरराष्ट्रीय असलं तरी विद्यार्थ्यांत चिनी मुलांचंच प्रमाण फार मोठं. वर्गात भाषा इंग्रजी, वर्गाचं दार ओलांडलं की चिनी. गटाने करायच्या कामात चार चिनी आणि एक परदेशी असेल तर पहिली दहा मिनिटं सगळे इंग्रजीत बोलतात, मग कुणीतरी अडतं, चिनीत समजावतं आणि तिथून पुढे तो पाचवा नुसता टेबलाकडे बघत बसतो. आग्नेय आशियातून आलेल्या एका मुलीने मला हे सांगितलं. कुणी वाईट वागत नाही, ती म्हणाली, फक्त विसरतात. तिने त्यावर उपाय काढला होता तो असा की रोज दुपारी कॅन्टीनच्या आयीशी पाच मिनिटं बोलायचं. आयीला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, त्यामुळे ती थकून इंग्रजीकडे वळण्याचा प्रश्नच नाही, आणि तिला घाई नसते. दोन वर्षांत त्या मुलीचं चिनी इतकं सुधारलं की गटात आता तीच समजावते. फक्त तिच्या उच्चाराला आनहुईचा वास येतो असं मुलं म्हणतात. आयी आनहुई प्रांतातली आहे.

त्या आयीशी मग मीही बोलले, बहिणीला मध्ये घेऊन. वय बावन्न. नवरा बांधकामावर होता, आता पाठ धरते म्हणून गावी. मुलगी गावाकडच्या कॉलेजात नर्सिंग शिकते. पहाटे पाचला विजेच्या स्कूटरवरून येते, हिवाळ्यात गुडघ्यांना गोधडीसारखं जाड पांघरूण बांधून. सुझोऊत हिवाळा ओला आणि बोचरा, पण हे गाव दक्षिणेत मोडतं, त्यामुळे उत्तर चीनमध्ये असते तशी घराघरांतली सरकारी ऊब इथे नाही. तिला मुलांची नावं माहीत नाहीत. माहीत आहे ते वेगळं. कोण कांद्याची पात काढून टाकतो, कोण महिनाअखेरीला भाजी न घेता नुसता भात आणि फुकटचं सूप घेतो. परीक्षेच्या दिवसांत कोण आठवडाभर दिसला नाही.

"दिसला नाही तर?" मी विचारलं.

"त्याच्या मित्राला विचारते, जेवतो का रे तो?"

चीनमध्ये जुनी माणसं भेटल्यावर खुशाली विचारतात ती 'जेवलीस का' अशीच. आपल्याकडे दारात आलेल्याला पहिलं तेच विचारतात. विद्यापीठात मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक आहेत, त्यांची गरज आहे आणि त्यांचं काम मोठं आहे. पण एखादं मूल खोलीत कोंडून घ्यायला लागलं हे सर्वांत आधी ताटलीवरून कळतं, आणि ताटली आयीसमोर असते.

मध्य-शरद सण त्या वर्षी 17 सप्टेंबरला होता. आदल्या दिवशी बेबिन्का वादळ शांघायवर आदळलं. 1949 पासून शांघायने बघितलेलं ते सर्वांत जोरदार वादळ. वेगवान गाड्या रद्द झाल्या, घरी निघालेली मुलं अडकली. सुझोऊत दिवसभर पाऊस आणि वारा, कापराच्या झाडांच्या फांद्या रस्त्यावर. हो, कापराच्याच. सुझोऊचा तो नगरवृक्ष आहे, पान चुरगळलं की आपल्या देवघराचा वास येतो. संध्याकाळी वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या आयीने मोठा पुठ्ठ्याचा खोका उघडला. त्यात सुझोऊचे चंद्रवडे होते, खुसखुशीत पापुद्र्यांचे, आत मांसाचं सारण, गरमच खायचे. तिने ते स्वतःच्या पैशांनी रांग लावून आणले होते. अडकलेल्या मुलांना एकेक वाटला. मी मांस खात नाही हे कळल्यावर तिने आत जाऊन माझ्यासाठी पेर आणला, सोलून, कापून.

बहिणीने मला त्या रात्री जे सांगितलं ते तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. माझे मामा, तिचे वडील, 2021 च्या मे महिन्यात गेले. चीनची दारं परदेशी माणसांना मार्च 2020 मध्ये बंद झाली होती. बाहेर पडता येत होतं, पण पडलं तर परत कधी येता येईल याचा नेम नव्हता आणि भारतात तेव्हा दुसरी लाट होती. ती गेली नाही. चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही आणि वीचॅटवर भारताने जून 2020 मध्ये बंदी घातलेली, त्यामुळे घरी एरवी फोन करायचा तर कसरत असायची. वडिलांचं शेवटचं दर्शन तिने कामाच्या मीटिंगांसाठी असलेल्या सॉफ्टवेअरवर घेतलं, कोपऱ्यात 'आपण म्यूट आहात' अशी पट्टी. दुसऱ्या दिवशी ती वर्ग घ्यायला गेली, कारण घरी बसवेना. तिसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर संत्र्यांची पिशवी होती. मजला पुसणाऱ्या आयीने ठेवलेली. आयीला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तिने सलग दोन दिवस कचऱ्याच्या डब्यात कागदी रुमाल पाहिले होते.

"मी तिला आयी म्हणते ना," बहीण म्हणाली, "तेव्हापासून मी ते मराठीतच म्हणते."

मी परत आल्यावर लोकांनी विचारलं, तिकडे परक्या माणसाला भीती नाही वाटत? याचं उत्तर देताना मला एक नाव घ्यावं लागतं. हू योपिंग. सुझोऊच्या पश्चिम भागात जपानी शाळेची बस थांबते. मी जाण्याच्या तीन महिने आधी, 24 जून 2024 ला, त्या थांब्यावर एका माणसाने चाकूने जपानी आई आणि मुलावर हल्ला केला. हू योपिंग त्या बसमधल्या सहायिका होत्या, पन्नाशीतल्या. त्यांनी त्याला धरून ठेवलं, तो बसमध्ये चढू शकला नाही. दोन दिवसांनी दवाखान्यात त्यांचा मृत्यू झाला. बीजिंगमधल्या जपानी दूतावासाने झेंडा अर्ध्यावर उतरवला, सुझोऊने त्यांना मरणोत्तर शौर्याचा सन्मान दिला, थांब्यावर लोकांनी फुलं ठेवली. बसमधली जपानी मुलं त्यांना काय हाक मारत असतील, ते मला ठाऊक नाही. पण चिनी मुलं त्या वयाच्या बाईला एकच हाक मारतात. परकेपणाचा राग तिथेही आहे, जगात सगळीकडे आहे तसा, आणि त्याच्या वाटेत उभी राहिली ती एक आयी.

ऑक्टोबर लागला तरी सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. 'गुईहुआ' फुलली का? हे सुझोऊचं नगरपुष्प. पानांच्या बेचक्यात पिवळ्या-केशरी बारीक फुलांचे झुबके, दिसायला काहीच नाही, पण सबंध शहर त्याच्या वासात बुडतं. एरवी सप्टेंबरच्या अखेरीला फुलतं. त्या वर्षी उन्हाळा हटेना, म्हणून फुलं लांबली. शेवटी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका सकाळी भुयारी वाटेतून वर आले आणि थांबले. पिकलेल्या जर्दाळूसारखा, थोडा मधासारखा वास. पुढची मुलगीही थांबली होती, तिच्या पुढचा मुलगाही. तासाला उशीर होत असूनही कोणी हलेना. दुपारी वसतिगृहाची आयी झाडाखाली जुनी चादर अंथरून फांद्या हळूच हलवत होती. फुलं निवडून साखरेत मुरवायची, वर्षभर पुरतात.

लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं. बहिणीच्या घरी तिचे पाच विद्यार्थी, आग्नेय आशियातली ती मुलगी आणि कॅन्टीनची आयी असे पाहुणे होते. चकल्या करायच्या म्हणून बहिणीने तांदळाचं पीठ आणलं होतं. पाकिटावरची चिनी अक्षरं तिने नीट वाचली होती आणि तरी चूक झाली. ते चिकट तांदळाचं पीठ निघालं. पहिली चकली तेलात गेली आणि फुगून फुटली, तेल ओट्यावर उडालं. दुसरीचंही तेच. आयीने गॅस बंद केला, बहिणीला खांद्याला धरून बाजूला केलं, उरलेलं पीठ कोमट पाण्यात मळलं आणि तळहातावर गोळ्या वळायला सुरुवात केली. तांगयुआन. पाण्यात उकळायच्या, सुपारीएवढ्या. तिने बरोबर आणलेल्या बरणीतून गुईहुआची साखर काढली आणि प्रत्येक वाटीत चमचा चमचा घातली. मुलांनी पणत्या लावल्या. फराळ म्हणून मी पुण्याहून नेलेला चिवडा आणि त्या गरम गोळ्या, एवढंच होतं.

निघताना आयीने कागद मागितला. आपल्याला हवं होतं त्या साध्या तांदळाच्या पिठाचं नाव तिने मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं. त्या नावातही पहिलं अक्षर 'चिकट' याचंच आहे, त्यामुळे सगळेच फसतात, ती म्हणाली. खाली दुकानाचा रस्ता काढला, कालव्यावरचा पूल, बाजूला भाजीबाजार, आत तिसरा गाळा. कागद बहिणीने फ्रिजवर लावला. आयी गुडघ्यांना पांघरूण बांधून स्कूटरवर बसली, कारण हवा फिरली होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिला नाश्त्याची पेज लावायची होती.